प्रांत कितीही करा, तिजोरीची किल्ली कुणाकडे?

१९९३ साली रशियाची नवी राज्यघटना आली तेव्हा तिच्या ६५व्या कलमात देशाचे ८९ घटक नावानिशी दिलेले होते. २००८ पर्यंत ते ८३ उरले. २०१४ मध्ये क्रिमिया आणि सेवास्तोपोल घालून ८५ झाले. ३० सप्टेंबर २०२२ रोजी युक्रेनचे दोनेत्स्क, लुहान्स्क, झापोरिझ्झिया आणि खेरसोन हे चार प्रांत आपले असल्याचं मॉस्कोने जाहीर केलं आणि आकडा फिरून ८९ वर आला. यातलं झापोरिझ्झिया शहर तेव्हा रशियाच्या ताब्यात नव्हतंच. खेरसोन शहर सहा आठवड्यांत हातचं गेलं. झापोरिझ्झिया आणि खेरसोनची हद्द नेमकी कुठवर धरायची, असं पत्रकारांनी विचारलं तेव्हा तिथल्या लोकांशी बोलून ठरवू, असं क्रेमलिनच्या प्रवक्त्याचं उत्तर होतं. म्हणजे नाव राज्यघटनेत चढलं, हद्द सापडायची होती.

हे टोकाचं उदाहरण झालं. पण राजधानीत बसून नकाशा हवा तसा कापण्याची सवय त्या भागात जुनी आहे आणि ती एकट्या रशियाची नाही. १९८९-९१ नंतर पोलंडपासून कझाकस्तानपर्यंत बहुतेक देशांनी आपले प्रांत, जिल्हे, तालुके पुन्हा आखले. काहींनी तर दोनदा-तीनदा. दर वेळी वाद होतो तो संख्येवर आणि मुख्यालयावर: बारा की सोळा, कचेरी या शहरात की त्या. माझं म्हणणं असं आहे की हा वाद बराचसा वाया जातो. एखादी विभागणी चांगली की वाईट हे तिच्या सीमारेषांवरून कळत नाही. तिथे गोळा झालेला कर तिथे किती राहतो आणि तिथल्या प्रमुखाला घरी कोण पाठवू शकतं, एवढे दोन प्रश्न विचारले की पुरतं. आणि या दोन प्रश्नांची उत्तरं ज्यांनी गावापासून वर जात बदलली, त्यांचीच सुधारणा टिकली.

सोव्हिएत काळातली ओब्लास्त, म्हणजे प्रांत, ही गोष्ट लोकांच्या सोयीसाठी जन्मलीच नव्हती. युक्रेनमध्ये १९३० साली मधली पायरी, म्हणजे ओक्रुहा, काढून टाकली आणि शेकडो रायोन, म्हणजे तालुक्यासारखे घटक, थेट वरच्या सरकारला जोडले. सामूहिक शेतीची सक्ती आणि धान्यवसुली चालू असताना इतक्या रायोनांवर थेट नजर ठेवणं जमेना, म्हणून फेब्रुवारी १९३२ मध्ये विनित्सा, द्निप्रोपेत्रोव्स्क, कीव्ह, ओदेसा आणि खार्किव्ह या पहिल्या पाच ओब्लास्त उभ्या राहिल्या. त्याच वर्षी दुष्काळ माणसं गिळू लागला. हुकूम खाली पोचवायचा आणि धान्य वर न्यायचं, हे या यंत्रणेचं काम होतं. पुढे १९६२ मध्ये ख्रुश्चेव यांनी एकेका ओब्लास्तातल्या पक्षसमितीचेच दोन तुकडे केले, एक उद्योगासाठी आणि एक शेतीसाठी. स्थानिक सचिव हैराण झाले. ऑक्टोबर १९६४ मध्ये ख्रुश्चेव यांची गच्छंती झाली आणि वर्ष संपायच्या आत तो प्रयोग गुंडाळला गेला. यात कुठेही मतदार नावाचं पात्र नाही, हे लक्षात घ्यावं.

पोलंडमध्येही सुरुवात अशीच होती. १९७५ साली कम्युनिस्ट नेते गिएरेक यांच्या राजवटीने १७ प्रांतांचे ४९ केले आणि पोव्यात, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखी मधली पातळी, रद्द केली. कारण सांगितलं गेलं कार्यक्षमतेचं. प्रत्यक्षात डोईजड होत चाललेल्या प्रांतिक पक्षसचिवांचं वजन त्यामुळे कमी झालं. एका बलदंड सुभेदाराच्या जागी तीन अशक्त सुभेदार बसवले की राजधानीला झोप नीट लागते.

पण पोलंडचं वेगळेपण १९९० मध्ये दिसलं. साम्यवाद कोसळल्यावर नव्या सरकारने प्रांतांना हातही लावला नाही. येझी रेगुल्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आधी ग्मिना, म्हणजे गाव आणि नगर पातळीवरची संस्था, उभी केली. ८ मार्च १९९० रोजी कायदा झाला आणि २७ मे रोजी निवडणुका. ग्मिनाला स्वतःची मालमत्ता मिळाली, स्वतःचं अंदाजपत्रक मिळालं, मालमत्ता कर आणि आयकरातला ठरलेला वाटा मिळाला. ते जुने ४९ प्रांत आणखी नऊ वर्षं तसेच पडून राहिले आणि त्यावाचून कुणाचं फारसं अडलं नाही.

१९९८ मध्ये पंतप्रधान बुझेक यांच्या सरकारने प्रांतांना हात घातला तेव्हा मात्र धुरळा उडाला. सरकारला बारा प्रांत हवे होते. ओपोलेतले लोक, ज्यात जर्मन अल्पसंख्याकही होते, आपला प्रांत टिकावा म्हणून रस्त्यावर मानवी साखळी करून उभे राहिले. किएल्त्से आणि बिदगोश्च हटून बसले. पंधरा प्रांतांचा कायदा संसदेतून निघाला तर राष्ट्राध्यक्ष क्वाश्निएव्स्की यांनी नकाराधिकार वापरला. शेवटी तडजोड सोळावर झाली आणि १ जानेवारी १९९९ पासून ती अमलात आली. कोशालिनकरांची वेगळ्या प्रांताची मागणी राहिली ती राहिलीच. बिदगोश्च आणि तोरुन या शेजारी शहरांचं एकमेकांशी जमत नाही, म्हणून सरकारनियुक्त वोयेवोदा, म्हणजे प्रांतप्रमुख, बिदगोश्चमध्ये आणि लोकनियुक्त सभा तोरुनमध्ये, अशी वाटणी झाली. गोझुफ आणि झिएलोना गुरा यांच्यातही तसाच तह. कागदावर हे हास्यास्पद वाटतं. पण पाव शतक उलटलं तरी ते मोडलेलं नाही, आणि मला वाटतं त्याचं कारण खालच्या मजल्यात आहे. भांडणाऱ्या दोन्ही शहरांकडे आपापला महसूल होता आणि २००२ पासून थेट मतदारांनी निवडलेला महापौरही. प्रांताचं मुख्यालय गेलं म्हणून शहर बुडणार नव्हतं. मुख्यालय गेलं की सगळंच गेलं अशी स्थिती जिथे असते, तिथे माणसं मुख्यालयासाठी जीव टाकतात.

कझाकस्तानने हाच खेळ उलटसुलट करून दाखवला. १९९७ मध्ये राष्ट्राध्यक्ष नझरबायेव यांनी काटकसरीच्या नावाखाली सेमिपलातिन्स्क, तालदीकोर्गान, झेझकाझगान यांच्यासह पाच ओब्लास्त शेजारच्यांत विलीन केल्या. ज्या शहरांची कचेरी गेली तिथली रया गेली. जून २०२२ मध्ये त्यांच्यानंतरचे राष्ट्राध्यक्ष तोकायेव यांनी अबाय, झेतिसू आणि उलिताऊ अशा तीन नव्या ओब्लास्त केल्या. त्यांची मुख्यालयं अनुक्रमे सेमेय (म्हणजे जुनं सेमिपलातिन्स्क), तालदीकोर्गान आणि झेझकाझगान. म्हणजे पंचवीस वर्षांनी तेच तीन तुकडे थोड्याफार फरकाने नव्या नावांनी परत आले. शहरांना कचेऱ्या मिळाल्या, नोकऱ्या मिळाल्या, हे खरं. पण ओब्लास्तचा अकिम म्हणजे प्रमुख आजही राष्ट्राध्यक्षच सुचवतात आणि स्थानिक सभा मान डोलावते. १९९७ चा निर्णयही वरून आला होता, २०२२ चाही. मोल्दोव्हाची गत याहून झटपट: १९९९ मध्ये रायोन मोडून रोमानियाच्या धर्तीवर मोठे जिल्हे केले, २००१ मध्ये कम्युनिस्ट निवडून आले आणि २००३ मध्ये रायोन परत.

रशियाचा विचार करताना एक गोष्ट मान्य करायला हवी. नव्वदच्या दशकात तिथे विकेंद्रीकरण झालं होतं आणि ते बरंच बेबंद होतं. येल्त्सिन यांनी १९९० मध्ये तातारस्तानच्या राजधानीत, काझानला जाऊन, पचेल तेवढी स्वायत्तता घ्या, असं सांगितलं होतं. तातारस्तानने १९९४ मध्ये मॉस्कोशी स्वतंत्र करार करून घेतला. गव्हर्नर मंडळी आपापल्या प्रांतांत छोटे राजे झाली होती, आणि सामान्य माणसाला त्या राजांपासून मॉस्कोने वाचवावं असं मनापासून वाटत होतं. पुतिन यांच्या केंद्रीकरणाला सुरुवातीला जो पाठिंबा मिळाला तो उगाच नव्हता. सत्ता प्रांतापर्यंत आली पण गावापर्यंत उतरली नाही, म्हणून तिचं रक्षण करायला गाव धावलं नाही.

मग मॉस्कोने ती एकेक करून परत घेतली. २००० मध्ये प्रांतांच्या डोक्यावर सात संघीय विभाग आले. २००४ मध्ये, बेस्लानच्या शाळेतल्या हत्याकांडानंतर, गव्हर्नरांच्या थेट निवडणुका बंद झाल्या. २०१२ मध्ये त्या परतल्या, पण उमेदवाराला आधी स्थानिक प्रतिनिधींच्या सह्या गोळा कराव्या लागतात, आणि नको असलेला माणूस तिथेच गळतो. तेल उपसण्यावरचा कर सगळा केंद्राकडे गेला. २००५ ते २००८ या काळात कोमी-पेरम्याक, एव्हेंक, तायमिर, कोर्याक यांसारखे लहान स्वायत्त ओक्रुग, म्हणजे छोटे प्रांत, सार्वमत घेऊन मोठ्या शेजाऱ्यांत मिसळले गेले. सार्वमतांत प्रचंड होकार पडला. पण आपलं अंदाजपत्रक, आपली विधानसभा आणि संसदेच्या वरच्या सभागृहातल्या आपल्या जागा या मंडळींनी गमावल्या. मे २०२० मध्ये नेनेत्स ओक्रुग अर्खांगेल्स्कमध्ये घालायची टूम निघाली तेव्हा तिथले लोक सावध होते. तेलामुळे त्यांचं बरं चाललं होतं आणि गमावण्यासारखं काय आहे ते त्यांना नीट ठाऊक होतं. विरोध झाला, प्रस्ताव बासनात गेला, आणि त्याच उन्हाळ्यात राज्यघटनेतल्या दुरुस्त्यांवर देशभर मतदान झालं तेव्हा बहुमताने ‘नाही’ म्हणणारा सबंध रशियातला एकमेव प्रांत निघाला तो हाच.

कॉकेशसमधल्या इंगुशेतिया या लहान प्रजासत्ताकाची कथा जास्त कडू आहे. सप्टेंबर २०१८ मध्ये तिथले प्रमुख येव्कुरोव आणि चेचन्याचे कादिरोव यांनी सीमेचा करार केला. जमीन चेचन्याकडे जाणार म्हणून मागास या चिमुकल्या राजधानीत हजारोंचा ठिय्या पडला. प्रजासत्ताकाच्या संवैधानिक न्यायालयाने सांगितलं की सार्वमताशिवाय हा करार चालणार नाही. डिसेंबरमध्ये रशियाच्या संवैधानिक न्यायालयाने तो वैध ठरवला. आंदोलनाचे म्होरके तुरुंगात गेले. पुढे तर प्रांतांची संवैधानिक न्यायालयंच देशभर बंद करण्यात आली. खाबारोव्स्कने २०१८ मध्ये सत्ताधारी पक्षाला डावलून फुर्गाल यांना गव्हर्नर केलं, तर त्याच वर्षाअखेर अतिपूर्वेकडच्या संघीय विभागाचं मुख्यालय खाबारोव्स्कहून व्लादिवोस्तोकला हलवलं गेलं. जुलै २०२० मध्ये फुर्गाल यांना जुन्या खुनांच्या आरोपावरून अटक झाली, ‘विश्वास गमावल्या’च्या कारणाखाली पदावरून काढलं गेलं, आणि शहर कित्येक आठवडे रस्त्यावर उतरत राहिलं. आरोप खरे की खोटे हा प्रश्न वेगळा. निवडून दिलेल्या माणसाला घरी पाठवण्याचा अधिकार कुणाचा, हे त्या आठवड्यांत पुरतं स्पष्ट झालं. रशिया स्वतःला संघराज्य म्हणवतो. पोलंड घटनेने एकात्म राज्य आहे. माझ्या दोन प्रश्नांच्या कसोटीवर यातल्या कुणाचे नागरिक जास्त स्वायत्त, हे वेगळं सांगायला नको.

आणि आता युक्रेन, ज्याच्यासाठी मुळात हा लेख. २०१४ च्या वसंतात, क्रिमिया गिळून झाल्यावर, रशियाचे परराष्ट्रमंत्री लावरोव युक्रेनला ‘संघराज्य व्हा’ असा सल्ला देत होते. सल्ल्यामागचा हेतू उघड होता: एकेका ओब्लास्तला इतकं वजन द्यायचं की कीव्हचे हात बांधले जावेत. युक्रेनपुढे दोन सोपे मार्ग होते, एक तर हा सल्ला मानणं, नाहीतर घाबरून सगळं केंद्राकडे ओढणं. त्यांनी तिसरा निवडला आणि तो पोलंडकडून शिकून निवडला. १ एप्रिल २०१४ रोजी मंत्रिमंडळाने सुधारणेची रूपरेषा मंजूर केली. ओब्लास्तना हात न लावता ह्रोमादा, म्हणजे काही गावं मिळून होणारी स्थानिक संस्था, बळकट करायची असं ठरलं. फुटून निघण्याइतका मोठा नसलेला, पण शाळा, दवाखाना, रस्ता स्वतः चालवण्याइतका सशक्त असा तो घटक. हा राजकीय हिशेब मला फार हुशारीचा वाटतो.

फेब्रुवारी २०१५ च्या कायद्याने गावांनी स्वेच्छेने एकत्र यायचं होतं. आमिष रोकडं होतं: जी गावं एकत्र येतील त्यांना तिथल्या आयकराचा ६० टक्के वाटा. पहिल्या वर्षी १५९ ह्रोमादा झाल्या. शेजारच्या गावात रस्ता झाला, दाखले देणारं केंद्र उघडलं, हे पाहून बाकीचे आले. पाच वर्षांत हजाराच्या आसपास मजल गेली. उरलेल्यांना २०२० मध्ये सरकारने आराखडे करून एकत्र बसवलं. दहा हजारांहून जास्त ग्रामसभा-नगरसभांच्या जागी १,४६९ ह्रोमादा आल्या. १७ जुलै २०२० रोजी संसदेने ४९० रायोनांचे १३६ केले आणि ऑक्टोबरमध्ये नव्या रचनेत निवडणुका झाल्या. रायोन इतके कमी झाले यावर तेव्हा बरीच ओरड झाली, पण ती लवकर विरली, कारण पैसा आणि काम आधीच ह्रोमादाकडे गेलं होतं.

सगळं गोड झालं असं नाही. लहान गावांच्या शाळा बंद पडल्या, कारण ह्रोमादाने मुलांसाठी बस लावून मध्यवर्ती शाळा चालवणं पसंत केलं. म्हाताऱ्या माणसाला जी सही गावात मिळायची तिच्यासाठी आता केंद्राच्या गावी जावं लागतं. दुवा म्हणून प्रत्येक भागाला एक स्तारोस्ता दिला, पण २०२० नंतर तो निवडून येत नाही, सभा नेमते. जो मुद्दा मी रशियाविरुद्ध मांडतोय तोच इथे लहान प्रमाणावर लागू पडतो.

फेब्रुवारी २०२२ मध्ये या रचनेची परीक्षा कुणी मागितली नव्हती तरी झाली. ११ मार्चला रशियन सैनिकांनी मेलितोपोलचे महापौर इवान फेदोरोव यांना उचलून नेलं. शहरात लोक त्यांच्या सुटकेसाठी रस्त्यावर आले आणि पाच दिवसांनी कैद्यांच्या बदल्यात ते सुटले. स्लावुतिचच्या महापौरांना पकडलं तेव्हाही गावकरी चौकात जमले. स्वतःच्या कराचा हिशेब जो माणूस देतो, त्याला लोक आपला मानतात. कीव्हहून नेमलेल्या अधिकाऱ्यासाठी इतकी माणसं बंदुकीसमोर उभी राहिली असती का, याची मला शंका आहे. अर्थात कुप्यान्स्कच्या महापौरांनी तेवढ्याच सहजतेने शहर शत्रूच्या हवाली केलं. निवडणूक माणसाला शूर बनवत नाही. पण एक विकला गेला म्हणून सगळी यंत्रणा कोसळली नाही, कारण ती एका माणसावर उभी नव्हती.

युद्ध लांबलं तशी केंद्राची जुनी खोड जागी झाली, आणि त्याला थोडं निमित्त ह्रोमादांनीच दिलं. सैनिकांच्या पगारावरचा आयकर ज्या ह्रोमादेत तळ असेल तिला मिळत होता, त्यामुळे काहींच्या तिजोऱ्या अचानक फुगल्या. २०२३ मध्ये कुठे फरसबंदी उकरून नवी बसवली जाते आहे असं दिसलं तेव्हा ‘आधी ड्रोन घ्या’ म्हणून लोक संतापले. त्या संतापावर स्वार होऊन सरकारने त्या वर्षाअखेर सैनिकांच्या पगारावरचा हा कर कायद्याने केंद्राकडे वळवला. युद्धात हे समर्थनीय आहे. मात्र एका साध्या कायद्याने एवढा पैसा हलवता आला, ही गोष्ट विसरण्यासारखी नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये ओदेसाच्या महापौरांचं युक्रेनी नागरिकत्व रशियन पासपोर्टच्या आरोपावरून काढून घेण्यात आलं. आरोप त्यांनी नाकारला. शहराचा कारभार राष्ट्राध्यक्षांनी नेमलेल्या लष्करी प्रशासनाकडे गेला. २०२० मध्ये निवडलेल्या सभांची मुदत संपली, पण मार्शल लॉ असताना मतदान होऊ शकत नाही, म्हणून त्याच सभा चालू आहेत. (आपल्याकडे कुठलंही युद्ध नसताना मुंबई-पुण्याच्या महापालिका २०२२ पासून काही वर्षं प्रशासकांच्या हाती होत्या, हे इथे आठवल्याशिवाय राहत नाही.)

माझ्या या सगळ्या म्हणण्यावर एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. गाव पातळी बळकट केली की मधली पातळी पोकळ राहते. विद्यापीठ, मोठं रुग्णालय, नदीखोरं या गोष्टी ह्रोमादेच्या आवाक्याबाहेरच्या असतात, तिथे प्रांतच लागतो. बरोबर आहे. पोलंडने १९९९ मध्ये मोठे प्रांत केले ते याचसाठी, आणि युरोपीय निधी हाताळायला त्यांचा उपयोगही झाला. युक्रेनमध्ये ही पायरी अर्धवट आहे. ओब्लास्तला निवडलेली सभा आहे, पण कार्यकारी सत्ता राष्ट्राध्यक्षांनी नेमलेल्या प्रमुखाकडे. हे बदलायची घटनादुरुस्ती ३१ ऑगस्ट २०१५ रोजी पहिल्या वाचनात मंजूर झाली, पण तिच्यात दोनबास, म्हणजे पूर्वेकडचा युद्धग्रस्त भाग, याच्यासाठीच्या वेगळ्या व्यवस्थेचं कलम होतं. त्यावरून संसदेबाहेर हातबॉम्ब फेकला गेला, नॅशनल गार्डचे जवान मेले आणि दुरुस्ती तिथेच अडकली. झेलेन्स्की यांनी २०१९ मध्ये नवा मसुदा आणला. त्यात प्रीफेक्ट नावाचे केंद्राचे देखरेखदार होते आणि त्यांना स्थानिक निर्णय रोखता येणार होते. महापौरांनी आरडाओरडा केल्यावर तो मागे घेतला गेला.

द्निप्रोपेत्रोव्स्क शहराचं नाव २०१६ मध्ये द्निप्रो झालं, ओब्लास्तचं मात्र अजून जुनंच आहे. ओब्लास्तांची नावं राज्यघटनेच्या १३३व्या कलमात असल्यामुळे ती घटनादुरुस्तीशिवाय बदलत नाहीत, आणि १५७व्या कलमानुसार मार्शल लॉ असेपर्यंत घटनेला हात लावता येत नाही. ओब्लास्तच्या नावाला असलेलं हे संरक्षण ह्रोमादेच्या ६० टक्क्यांना नाही. तो वाटा अर्थसंकल्पी कायद्यात बसलेला आहे, जो संसद कुठल्याही अधिवेशनात साध्या बहुमताने बदलू शकते. लढाई थांबेल तेव्हा कीव्हमध्ये नव्या सीमा, नवी नावं, नवी मुख्यालयं यांचे कितीतरी आराखडे टेबलावर येतील. महापौरांच्या संघटनांनी त्या गर्दीत आधी या एका आकड्यासाठी घटनेत जागा मागावी.